अवसेचे आकडे

वरची वाडी, ता. मुळशी
१७ डिसेंबर १९६१

जयसिंगराव यांस कोंडीबाचा रामराम.

तुमची खोप उभी आहे, सुई लटकते आहे आणि मी जिवंत आहे. ही तीन वर्तमानं आधी, बाकीचं मागून.

उन्हाळ्यात तुम्ही इथं येऊन माझ्याकडून ही खोप बांधून घेतलीत आणि परत अमेरिकेला निघून गेलात. बांबू, कारवी, काथ्या, लाकडी खुंट्या. एक खिळा मारू दिला नाहीत, दाराची कडीसुद्धा पितळी. वाडीतली माणसं अजून हसतात. काळू होडीवाला परवा विचारत होता, "कोंडीबा, तुज्या ह्या देवाला लोखंड का चालत न्हाई रं?" मी म्हटलं, दोऱ्याला चुंबकाची सुई टांगली आहे, लोखंड जवळ आलं की ती भुलते. तो म्हणाला, "मंग ती सुई न्हाई, बाईल हाय."

सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी पाच. नळीला डोळा लावतो, आरशात पट्टीवरचा आकडा दिसतो तो लिहितो. रोज बेचाळीस, कधीमधी एक्केचाळीस. आता म्हशीला विचारलं तरी सांगेल. कोयता आणि तुम्ही दिलेलं घड्याळ शंभर पावलांवरच्या जांभळाला अडकवूनच आत जातो. डोंगरातल्या माणसानं कमरेची आकडी रिकामी ठेवून हिंडायचं म्हणजे काय, ते तुम्हा कोटवाल्यांना कळायचं नाही. कागद सोबत जोडले आहेत.

दोन तारखेला आमच्या घरी, भिमाबाईला मुलगी झाली. हे चौथं पोर. आधीची तिन्ही वर्षाच्या आत गेली हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून गूळसुद्धा वाटला नाही. आमच्यात पोर बारा अवसा काढेपर्यंत त्याला मोजत नाहीत. कोणी विचारलं पोरं किती, तर एकही नाही म्हणायचं. गंगू आजी सुईण, तिनं या खेपेला काही नेम घालून दिलेत. ते आमचं आम्ही बघू.

नाव जया ठेवलं. नांद्याच्या शाळेत आपण एका बस्करावर बसायचो तेव्हा मी तुम्हाला जया म्हणायचो. तुमच्या वडिलांनी एकदा ऐकलं आणि म्हणाले, "कोंड्या, गड्याचं पोर तू. जयसिंगराव म्हनायचं." तेव्हापासून ते नाव तोंडात अडकून होतं. आता मोकळेपणानं हाका मारतो.

तुमचा
कोंडीबा

---

५ जानेवारी १९६२

प्रिय कोंडीबा,

माझ्या नावाची मुलगी वाढवतोस आणि मला 'जयसिंगराव' लिहितोस, हे काही बरं नाही. आबा नांद्यात आहेत, मी बर्फात आहे, आणि तुझं पत्र ते फोडत नाहीत. तरी तू ऐकणार नाहीस हे मला माहीत आहे. मुलगी गुणाची निघो. माझ्यासारखी नाही, तुझ्यासारखी.

तू उन्हाळ्यात विचारलं होतंस की ही सुई कशाला, आणि मी घाईत होतो. आता सांगतो. पृथ्वी हेच एक मोठं चुंबक आहे. बाहेरून, सूर्याकडून, विजेने भारलेले बारीक कण येतात आणि त्या चुंबकाच्या ओढीत सापडतात. ओढ्याला आपण बांबूचा सापळा लावायचो, मासा आत यायचा आणि मग आतल्या आतच येरझाऱ्या घालायचा, तसं. उत्तरेकडून दक्षिणेकडे, दक्षिणेकडून उत्तरेकडे, सुटका नाही. अशा अडकलेल्या कणांचा एक पट्टा पृथ्वीच्या मध्याभोवती आहे. तिच्या कमरेला करदोडा बांधला आहे म्हण ना! चार वर्षांपूर्वीपर्यंत तो कुणाला माहीतही नव्हता.

आमचा उपग्रह त्या करदोड्यातून फिरतो आणि कण मोजतो. त्याच्या खुणा कागदाच्या लांब पट्ट्यांवर उमटून येतात, त्या मी दिवसभर वाचतो. करदोड्यात कण वाढले की खाली जमिनीवर तुझ्या सुईची ओढ किंचित कमी होते. उपग्रहाने वरून मोजायचं, तू खालून. आपलं मुळशी त्या करदोड्याच्या मधल्या रेषेपासून फार लांब नाही आणि तिथे रेल्वे नाही, कारखाने नाहीत, म्हणून तुझा डोंगर निवडला. दोन्हीकडचे आकडे जुळले तर माझी डॉक्टरेट होईल. नाही जुळले तर मी तुझ्या म्हशी राखीन.

लोखंड मात्र सांभाळ. एक टाचणीही नको.

तुझा
जयसिंग

---

वरची वाडी
१२ फेब्रुवारी १९६२

जयसिंगराव, रामराम.

जग बुडालं नाही. तुमच्याकडे बातमी पोचली नसेल म्हणून कळवतो. पाच तारखेला आठ ग्रह एका राशीत येणार, वर अवस, म्हणून इथं माणसांनी कामं सोडली होती. पौडात सप्ताह बसला. गोजराबाईनं दोन कोंबड्या कापून खाल्ल्या, म्हणाली, "मरायचंच हाय तर कोंबड्या कुनासाटी ठिवू?" सहा तारखेला उठून बघते तर जग जागच्या जागी आणि कोंबड्या गेलेल्या. आठवडा झाला, नवऱ्याशी भांडते आहे.

मी तिन्ही वेळा खोपीत गेलो. त्या दिवशी आकडा पस्तीसला उतरला होता. ग्रहांनी ओढला असेल.

मुलगी बरी आहे. तीन अवसा झाल्या. पोटाशी धरली की माझ्या मिशीला हात घालते. अजून मोजत नाही.

कोंडीबा

---

२८ मार्च १९६२

प्रिय कोंडीबा,

हे पत्र उभ्याने लिहितो आहे, बसवत नाही.

तुझे कागद काल रात्री भिंतीवर एकापुढे एक लावले. ८ डिसेंबर: एकोणचाळीस. ६ जानेवारी: एकोणचाळीस. ५ फेब्रुवारी: पस्तीस. ६ मार्च: एकोणचाळीस. मधले सगळे दिवस बेचाळीसच्या आसपास. चारही दिवस अमावस्येचे! सूर्यावरची वादळं सत्तावीस दिवसांनी परततात हे सगळ्यांना माहीत आहे. पण हे साडेएकोणतीस आहेत. हा चंद्र आहे, कोंडीबा. चंद्राने त्या करदोड्याला हात घातला आहे, आणि तो हात आजवर कोणाला दिसलेला नाही.

उपग्रहाच्या पट्ट्या काढून पाहिल्या. जानेवारी आणि मार्चमध्ये त्याच दिवशी कण थोडे वाढलेले दिसतात. फेब्रुवारीत दिसत नाहीत, पण त्या दिवशीची पट्टी खराब आहे. आपली म्हातारी माणसं अवसेला उगाच घाबरत नव्हती म्हणायची.

एकच विचारायचं. त्या दिवशी तू काही वेगळं करत नाहीस ना? कोयता जांभळालाच असतो ना?

जयसिंग

---

वरची वाडी
१५ एप्रिल १९६२

जयसिंगराव, रामराम.

तुमचा आनंद भिमाबाईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "चांद दिसत न्हाई त्या दिशी ह्यांना चांद दिसला व्हय?"

कोयता जांभळालाच असतो. काळूला विचारा हवं तर.

जांभळाला यंदा मोहर चांगला आहे. तलावाचं पाणी खाली गेलं आहे, काठाला गाळ उघडा पडला. मुलीची मान धरली. पाच अवसा झाल्या. मधला मुलगा पाचच काढून गेला होता, म्हणून घरात सध्या कोणी फार बोलत नाही.

कोंडीबा

---

२० मे १९६२

प्रिय कोंडीबा,

एप्रिल आणि मेचे कागद मिळाले. पुन्हा एकोणचाळीस, पुन्हा अमावस्येला! आता सहा झाले.

माझे प्राध्यापक दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या टेबलापाशी येऊन बसले. सप्टेंबरात मोठी सभा आहे, तिथे मी बोलायचं ठरलं. निबंधात तुझं नाव घालणार आहे, इंग्रजीत छापून येईल. आबांना कळवलं. त्यांनी अख्ख्या नांद्याला सांगितलं असेल.

खरं सांगू? इथे दोन वर्षं मी कोणीच नव्हतो. आता जिन्यात लोक थांबून विचारतात, 'चंद्राचं काय?' तू माझं काय केलं आहेस, तुला कल्पना नाही.

जयसिंग

---

वरची वाडी
१० जून १९६२

जयसिंगराव यांस.

सभेत बोलू नका.

आज खोटं सोडतो. कोयता जांभळालाच होता, ते खरं. पण अवसेच्या दिवशी माझ्या करदोड्याला लोखंड असतं. ज्या विळ्यानं जयाची नाळ कापली त्याचं पातं गंगू आजीनं मोडून माझ्या हातात दिलं. म्हणाली, "तीन पोरं गेली ती तूच आनलंस म्हनून गेली. अवसंला बाप रानातनं घरात येतो, त्येच्या पाठीला लागून भायेरचं येतं. हे पातं दिसभर अंगावर ठिव, म्हंजी ते उंबऱ्याभायेर ऱ्हातं. अंगावर नसंल तर पोरापाशी जाऊ नगं. दुसरं लोखंड चालायचं न्हाई. बारा अवसा. एक बी चुकवू नगं."

म्हणून पातं घेऊन मी खोपीत जायचो. जांभळाला काढून ठेवलं असतं तर नेम मोडला असता. अष्टग्रहीला भिमाबाईनं त्याच्या जोडीला कुळवाची मोडकी लोखंडी फासही बांधली, म्हणून तेव्हा आकडा पस्तीस झाला. तुमचा चंद्र माझ्या कमरेला होता.

तुम्ही मार्चमध्ये विचारलंत तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्ही हसाल याची भीती नव्हती. पातं सोड म्हणाल याची होती. आता तुम्ही चार लोकांत उभे राहून हे सांगणार, आणि माझं नाव त्यावर छापणार, हे वाचल्यापासून अन्न गोड लागत नाही. भिमाबाई म्हणाली गप्प रहा. पाच अवसा आणखी, मग सांग. पण सभा सप्टेंबरात आहे.

मुलगी बसायला लागली. सात अवसा झाल्या. एवढ्या कोणी काढल्या नव्हत्या. परवा काळूनं विचारलं पोरं किती, आणि मी एक म्हणता म्हणता जीभ चावली.

मला जे बोलायचं ते बोला.

कोंडीबा

---

२७ जून १९६२

कोंडीबा,

तुझं पत्र तीनदा वाचलं.

तू चौथीपर्यंत शिकलास, मास्तर तुला माझ्यापेक्षा हुशार म्हणायचे. आणि तू विळ्याचं पातं कमरेला बांधून चुंबकापाशी जातोस, मी विचारलं तर लपवतोस, आणि मी तीन महिने तुझ्या करदोड्याला चंद्र समजून नाचतो. प्राध्यापकांना मी हे कोणत्या तोंडाने सांगू? 'माझ्या गावच्या माणसाला भूत लागतं' असं?

तुझी मुलगी त्या पात्यामुळे जगत नाही. दूध आहे, घरात माणसं आहेत, म्हणून जगते. हे तुलाही आतून माहीत आहे.

पण मी हे सोडणार नाही. उपग्रहाच्या पट्टीवर जानेवारीत आणि मार्चमध्ये काहीतरी आहेच. ते तुझ्या कमरेचं नाही, ते वरचं आहे. तू लोखंड नेलं नसतंस तरी आकडा उतरला असता, थोडा का होईना, असं मला वाटतं. ते पाहायला एकच मार्ग आहे. ३१ जुलैला अमावस्या आहे. त्या दिवशी सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला आकडा घे. अंगावर, खोपीत, आसपास कसलंही लोखंड नको. पातं नको.

मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. बारातली एक अवस मला दे. एकच.

जयसिंग

---

वरची वाडी
१४ जुलै १९६२

जयसिंगराव, रामराम.

दिली.

घरात मोठं भांडण झालं. भिमाबाई म्हणाली, "त्येंची सुई हाय, आपली पोर हाय. सुई मेली तर दुसरी येती." तिचं चुकीचं नाही. पण मी तुमचे सहा महिने नासवले, तुमची मान खाली घातली, तेही खोटं नाही. गंगू आजीला विचारावं तर ती वैशाखात वारली. म्हणून मीच तोड काढली आहे. त्या दिवशी पातं जयाच्या उशाखाली राहील. मी रिकाम्या कमरेनं पहाटे वर जाईन आणि अवस सरेपर्यंत घराकडे फिरकणार नाही. पोरापाशी गेलोच नाही म्हणजे नेम मोडत नाही. मास्तरांनी पंचांग बघून सांगितलं, सहाला सहा मिनिटं कमी असताना अवस सरते.

जुलैची पहिली अवस नेहमीसारखी काढली, त्या दिवशीचा आकडा फाडून टाका. आठ झाल्या.

पाऊस फार आहे. टपाल पौडावरून चार-चार दिवस हलत नाही. काही कळवायचं असेल तर लवकर कळवा.

कोंडीबा

---

२२ जुलै १९६२

प्रिय कोंडीबा,

वर जाऊ नकोस. पातं कमरेला बांध, घरी रहा. मला आता तो आकडा नको.

नऊ तारखेला इथल्या सरकारने पॅसिफिक समुद्रावर, अडीचशे मैल उंचीवर, अणुबॉम्ब फोडला. आभाळातच. त्यातून निघालेले कण त्याच करदोड्यात जाऊन अडकले आणि तिथेच फिरत आहेत. वर्षानुवर्षं फिरतील म्हणतात. आमच्या पट्ट्या नुसत्या काळ्या येतात. निसर्गाचं काय आणि बॉम्बचं काय, आता कोणालाच वेगळं काढता येणार नाही. उपग्रह सूर्याच्या उजेडावर चालतो, त्याचे उजेड झेलणारे पत्रेही या कणांनी मरत चालले आहेत. महिनाभर काढेल, जास्त नाही.

हे मला दहा तारखेलाच समजायला हवं होतं. समजलंही होतं. बारा दिवस मी उद्या बरं होईल, परवा बरं होईल म्हणत राहिलो, आणि तुला लिहिलं नाही. मागच्या पत्रात जे लिहिलं त्याची लाज वाटते, तेही एक कारण होतं.

हे पत्र ३१ च्या आत मिळो. जयाला माझा पापा.

तुझा
जयसिंग

---

वरची वाडी
८ ऑगस्ट १९६२

जयसिंगराव यांस.

तुमचं २२ तारखेचं पत्र परवा, सहा तारखेला मिळालं. पौडाच्या रस्त्यावर दरड होती.

३१ तारखेला ठरल्याप्रमाणे वर गेलो. निघताना मुलगी जागी होती. अंग जरा कोमट होतं, पण वरचे दात येत आहेत म्हणून भिमाबाईनं मनावर घेतलं नाही, मीही घेतलं नाही. पातं उशाखाली सरकवलं.

दर तासाला जांभळापाशी जाऊन घड्याळ बघायचं, शंभर पावलं परत यायचं, आकडा घ्यायचा. पाऊस सारखा होता. अकराला शेजारची तुळजाबाई इरलं घेऊन वर आली. बाहेरूनच ओरडली, "कोंडीबा, पोर तापलीया, दूध घेत न्हाई. काळूची होडी हाय आत्ता, पौडाच्या डाक्टरकडं न्यायाची का?" मी म्हणालो, अवसेचं तिला पाण्यावर नेऊ नका, पात्यापासून हलवू नका. अवस सरली की मी येतो आणि मीच नेतो. ती म्हणाली, "आरं अवस आभाळात हाय, पोर हितं हाय!" मी म्हणालो, मी आत्ता रिकामा खाली आलो तर माझ्या पाठीला लागून येईल ते तिला घेऊनच जाईल.

दोन वाजता ती पुन्हा आली. म्हणाली डोळे फिरवते आहे. जांभळाला कोयता होता. तो काढून कमरेला लावला, वीस पावलं खाली उतरलो. पण ते नाळेचं लोखंड नव्हतं. आजी म्हणाली होती दुसरं चालत नाही. पातं वर मागवावं तर तेवढा वेळ पोर उघडी पडली असती. परत फिरलो. तिला सांगितलं, पातं तिच्या छातीवर ठेवा आणि दार लावून घ्या. दार लावलं म्हणजे मीही येणार नाही, दुसरं कोणी येणार नाही. मग खोपीत जाऊन तीनचा आकडा घेतला. मला दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

सहाला सहा मिनिटं कमी असताना घड्याळ तिथंच टाकून पळत सुटलो. दारात पोचलो तेव्हा भिमाबाई रडत नव्हती, त्यावरून समजलं. पाचच्या सुमारास गेली होती. पातं छातीवर होतं.

बारा आकडे सोबत आहेत. सगळे बेचाळीस. सहाचा आकडा घेतला नाही, माफी असावी.

कोंडीबा

---

१८ ऑगस्ट १९६२

कोंडीबा,

काय लिहू? कालपासून फाडलेलं हे सहावं पत्र असतं, पण हे टाकतो.

मी एक गोष्ट तुझ्यापासून लपवली. अलिबागला मोठी वेधशाळा आहे. तिथे हीच मापं रोज घेतात, शंभर वर्षांची परंपरा आहे. मार्चमध्ये मी त्यांना एक पत्र टाकलं असतं तर महिन्याभरात कळलं असतं की अमावस्येला त्यांच्याकडे काहीच उतरत नाही. मी ते पत्र टाकलं नाही. विसरलो नव्हतो. त्यांचा आकडा सरळ आला तर माझा चंद्र जाईल, म्हणून टाकलं नाही. तू पातं लपवलंस ते मुलीसाठी. मी लपवलं ते जिन्यात लोक थांबावेत म्हणून.

मी तुला लिहिलं होतं की ती पात्यामुळे जगत नाही. ते मला अजूनही खरं वाटतं, आणि रोज रात्री मी त्यापुढचं मोजतो. पातं कमरेला असतं तर तू अकरालाच खाली उतरला असतास. होडी होती. पौड होतं. म्हणजे पात्यानेच वाचली असती. मी काढायला लावलं म्हणून गेली. यात कुठे चूक असेल तर मला दाखव. मला सापडत नाही.

उपग्रह परवा बंद पडला. प्राध्यापकांना सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत, दुसरा विषय घे म्हणाले. मी अजून घेतलेला नाही.

खोप मोडून टाक. सुई तलावात टाकलीस तरी चालेल. एकच मागतो, आणि मागायचा हक्क नाही हे जाणून मागतो. हे 'यांस' आणि 'राव' लिहू नकोस. शिव्या दे. शाळेत द्यायचास तशा, जया म्हणून दे.

जयसिंग

---

वरची वाडी
२८ सप्टेंबर १९६२

जयसिंगराव यांस कोंडीबाचा रामराम.

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, भातातलं तण काढायची बेणणी चालू होती.

तुमचं गणित मी भिमाबाईला वाचून दाखवलं नाही. चूक मलाही सापडली नाही. पण त्यात माझी वीस पावलं तुम्ही धरली नाहीत. ती धरून पुन्हा मोजा, म्हणजे सगळं तुमच्या एकट्याच्या अंगावर येणार नाही. मी रोज मोजतो.

तुम्हाला शिव्या द्याव्यात असं ऑगस्टात वाटत होतं. आता वाटत नाही. वाटत नाही तेच वाईट आहे. आणि तुम्ही म्हणता त्या नावानं हाक मारता येणार नाही. ते नाव आमच्या घरात आता घेत नाहीत. चुकून कोणी घेतलं की भिमाबाई उठून बाहेर जाते.

आज सर्वपित्री अवस. सगळ्या वाडीनं आपापल्या माणसांचं पान वाढलं. आम्ही नाही वाढलं. एवढ्या लहान पोराला पितरांत घालत नाहीत. बारा अवसा झाल्या नव्हत्या म्हणून जित्यांत मोजली नाही, आणि मेल्यांत मोजायला ती लहान पडली. काळू विचारतो, पोरं किती झाली तुला? एकही नाही म्हणतो. आता ते खरंच आहे.

खोप मोडली नाही. तुम्ही मोड म्हणालात, पण सकाळी सात वाजले की पाय तिकडे जातात. घरात बसवत नाही. घड्याळ त्या दिवशी पावसात भिजलं ते बंदच आहे, उन्हाच्या सावलीवर वेळ धरतो. कोयता जांभळाला लावतो. पातं तिच्याबरोबर पुरलं. कागद पाठवतो आहे, नको असतील तर चुलीत घाला.

सकाळी बेचाळीस. दुपारी बेचाळीस. संध्याकाळी बेचाळीस.

कोंडीबा